सहल कोणाची?

"ती सहल बाईंनी वैयक्तिक नेली होती. शाळेचा संबंध नाही." मुख्याध्यापिका पालकसभेत हे म्हणाल्या, तेव्हा गाइड कॅप्टन बाई त्याच वर्गात बसून होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

झालं होतं एवढंच. २२ फेब्रुवारीला, चिंतन दिनाला, बाई मुलींना पुण्याचं 'संगम' दाखवायला घेऊन गेल्या. गर्ल गाइडच्या जागतिक संघटनेचं हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे, आणि जवळ राहून ते न पाहिलेल्या गाइड ढिगाने सापडतात. परतताना दिवे घाटात बस बंद पडली. बाईंनी मुलींना गाडीपासून दूर, कठड्याच्या आतल्या बाजूला बसवलं. पेट्रोल लीडरनी, म्हणजे छोट्या गटांच्या नायिकांनी, आपापल्या मुली मोजल्या, दुसरी बस येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजल्या. सगळ्या घरी पोचल्या. रात्र झाली, इतकंच. एका वडिलांनी तक्रार केली आणि शाळेने हात वर केले.

परवानगी होती. "घेऊन जा की, विचारायचं काय त्यात!" हे मुख्याध्यापिकाच व्हरांड्यात म्हणाल्या होत्या. जावक वहीत मात्र ओळ नाही. बाई पगारपत्रकावर नव्हत्या, लहानपणी गाइड होत्या म्हणून फुकट शिकवत होत्या. अशा माणसाला परकं ठरवणं फार सोपं. राज्य पुरस्कार मिळालेल्या मुलींचा फोटो मात्र कार्यालयात अजून आहे, त्याखाली शाळेच्या नावासकट. तो बाईंचा वैयक्तिक नव्हता वाटतं!

गाइडची चळवळ भारतात १९११ साली जबलपूरला सुरू झाली. १९५१ मध्ये ती भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये सामील झाली. इतक्या वर्षांत बिल्ले, सोपान, गाठी सगळं ठरलं. मुलींसोबत गेलेल्या बाईच्या पाठीशी कोण उभं राहणार, ते मात्र शाळेशाळेवर सोडलेलं दिसतं.

म्हणून बाई आता नव्या कॅप्टनना पहिली गोष्ट सांगतात ती कागदाची. सही, शिक्का आणि जावक क्रमांक असलेलं पत्र हातात आल्याशिवाय मुलींना फाटकाबाहेर न्यायचं नाही. त्यात तारीख, ठिकाण, वाहन आणि सोबतच्या दुसऱ्या बाईचं नाव हवं. पालकांच्या संमतीपत्राची एक प्रत शाळेत, एक आपल्या पिशवीत. मुलींनी काम करून मिळवलेल्या 'खरी कमाई'च्या पैशांची पावती त्याच दिवशी फाडायची, वहीवर दोघींच्या सह्या. शाळेला हा अविश्वास वाटला तर वाटू द्यावा.

कागद फक्त कॅप्टनला वाचवतो असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत एनसीसीचं म्हणून शिबिर भरलं. एनसीसीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार झाली. शिबिर घेणाऱ्यासोबत शाळेतल्या जबाबदार मंडळींनाही अटक झाली. शिबिर कोणाचं, हे तिथे आधी कोणी कागदावर मागितलं असतं तर?

मुलींवर अत्याचार झाल्याची शंका आली की पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. "शाळेची बदनामी होईल, आधी आपण बोलू" असं कोणी म्हणालं तरी थांबायचं नाही; न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत होऊ शकते.

शिबिरातल्या चुलीबद्दलही बाई कडक आहेत. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. शिबिरात चूल झोपायच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेजारी भरलेल्या बादल्या.

बाकी मुलींवर माया करा, धीर धरा, हे सगळेच सांगतात. बाईही सांगतात, जरा घाईने. त्यांनी आता दुसऱ्या शाळेत गाइडची कंपनी, म्हणजे तुकडी, घेतली आहे. तिथल्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी "पत्राची काय गरज?" असं विचारलं. बाई पत्राचा मसुदा घेऊनच गेल्या होत्या.