शिलाई मशीन घेताना

मुलांनो, सातारा-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर हाताने धावदोरा घालून शिवले, की वाकळ होते. घरात कपडे आणि पातळ वाकळ दोन्ही शिवायची असतील, तर कोणते मशीन घ्याल?

पैसे थोडे असतील, तर साध्या टाक्याचे, पायाने चालणारे मशीन पुरे. वीज गेली तरी काम थांबत नाही. जुने मशीनही चालेल. पण दुकानात कापडाचे चार थर बरोबर न्या. जाड सुई लावून शिवून पाहा. दोन्ही बाजूंनी टाका सारखा आला, तरच पैसे द्या. सुटे भाग जवळपास मिळतात का, तेही विचारा.

म्हसवडला १९९७ साली सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक स्त्रियांना लहान कर्जे देते. पण कर्जाचे मशीन बंद पडून राहिले, तर हप्ता कसा फेडाल? म्हणून आधी पारखा, मग घ्या.