'ऑसम' म्हणजे नेमकं काय?

होस्टेलवर दिवसाकाठी सगळ्यात जास्त ऐकू येणारा इंग्रजी शब्द कोणता? 'सबमिशन' सोडला तर बहुधा 'ऑसम'च! मेसची मिसळ ऑसम, नवा मोबाईल ऑसम आणि रद्द झालेलं लेक्चर तर विचारूच नका. पण या शब्दाचं मूळ बघितलं तर त्यात मिसळीला जागाच नाही.

'ऑसम' या विशेषणाचे दोन तुकडे पडतात. 'ऑ' हा शब्द स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ भीती. पुढे देवाविषयी वाटणाऱ्या आदरयुक्त भीतीला तो वापरू लागले. 'सम' म्हणजे 'ट्रबलसम', 'टायरसम' यांतला प्रत्यय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऑसम' इंग्रजीत दिसू लागला. 'झकास' हा अर्थ मात्र त्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन बोलीत चिकटला. गंमत म्हणजे 'ऑफुल' हा शब्दही त्याच घरातला, पण त्याचा अर्थ झाला 'अगदी वाईट'. दोन सख्खे भाऊ, एक मेरिटला आणि दुसरा एटीकेटीला!

आपणही काही वेगळं केलेलं नाही. 'भयंकर' म्हणजे भय निर्माण करणारा, तरी आपण म्हणतो, 'पिक्चर भयंकर आवडला.' 'जबरदस्त' फारसीतला. जबर म्हणजे वरचढ, दस्त म्हणजे हात ('दस्तखत'मधला). ज्याचा हात वर, तो जबरदस्त. ज्याचा धाक वाटतो त्याचंच कौतुक करायची माणसाची ही जुनी सवय दिसते.

आता वापराविषयी दोन गोष्टी.

१) जे पाहून थक्क व्हायला होतं ते 'ऑसम'. पाहून थक्क झालेला माणूस 'ऑस्ट्रक'. इंटरव्ह्यूमध्ये 'आय ॲम ऑसम' म्हणालात तर ती स्वतःचीच आरती होईल!

२) प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा शब्द नको. तिथे 'इम्प्रेसिव्ह' किंवा 'रिमार्केबल' लिहा आणि लगेच कारण द्या. 'रिझल्ट ऑसम आला' यावरून एक्स्टर्नलला काहीच कळत नाही. रीडिंग किती आलं ते लिहिलं की कळतं.

मग 'ऑसम' म्हणायचं तरी कशाला? तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा आपल्या लासुर्ण्यावरून जाते. वाटेत बेलवाडीला रिंगण होतं. वारकऱ्यांच्या कड्यातून अश्व धावू लागला की अंगावर काटा येतो. किंवा १४ जुलै २०२३ आठवा. त्या दिवशी चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या बूस्टरचे भाग आपल्या शेजारच्या वालचंदनगरच्या कंपनीने बनवले होते. अशा वेळी क्षणभर तोंडातून शब्द फुटत नाही. 'ऑ' तो हाच.

मिसळीला 'लई भारी' म्हणा ना राव, तेवढं पुरे आहे. 'ऑसम' रोज खर्च केला तर खरोखर थक्क व्हायची वेळ येईल तेव्हा खिशात शब्दच उरायचा नाही.