ओंडक्याच्या पोटातली धग

वीतभर उंचीचा, मनगटाएवढा जाड, लेथवर कातलेला लाकडाचा ओंडका. मधोमध आरपार भोक, भोकात स्टीलची नळी, नळीच्या पोटात एक रेझिस्टर आणि बुडातून बाहेर आलेली वायर 12 व्होल्टच्या अडॅप्टरला जोडलेली. अमेरिका-कॅनडातले हौशी कातकामवाले अशी वस्तू घरच्या घरी करतात आणि तिला ‘लॉग व्हेपोरायझर’ म्हणतात. नळीतली हवा तापते, त्या हवेने वनस्पती न जळता तिच्यातली द्रव्यं तेवढी वाफेत येतात आणि माणूस ती ओढतो. ही वनस्पती म्हणजे तिकडे बहुतेक वेळा गांजा, हे आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं.

मला ओढलं ते त्या वस्तूच्या साधेपणाने. चार भाग, एक भोक, आणि कातारी माणसाला रमायला सगळं अंग मोकळं. पण आपल्याकडे हे करू पाहणाऱ्याने पटाशी हातात घेण्याआधी कायदा वाचावा. गांजाचं सोडाच, तो प्रश्न 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मिटलेला आहे. 2019 साली ई-सिगारेटबंदीचा जो कायदा आला, त्यातली व्याख्या फार रुंद आहे: निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासात घ्यायची वाफ तयार करणारं विजेचं उपकरण त्यात बसतं. अशी वस्तू बनवणं, विकणं, तिची जाहिरात करणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी त्यात फक्त तुळस घालतो हो’ हा बचाव चालेल, या भरवशावर कुणी राहू नये.

म्हणून मी तोंडात धरायच्या नळीला फाटा दिला. माझ्या ओंडक्यावर स्टीलची छोटी वाटी बसते आणि वाटीत लवंग, दालचिनी, वाळ्याचे तुकडे. खोलीभर मंद वास येतो, तेवढंच त्याचं काम. काम हलकं झालं म्हणून धोका गेला असं मात्र नाही. आत तापणारी वस्तू आणि तिच्याभोवती जळणारी वस्तू, हा मूळ मामला तोच राहतो.

आधी विजेचा हिशेब. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पांढऱ्या चौकोनी अंगाचा सिमेंट रेझिस्टर सहज मिळतो. 12 व्होल्टवर 10 ओहमचा लावला तर 14.4 वॅट उष्णता निघते, 22 ओहमचा लावला तर साडेसहा. वासापुरतं साडेसहा वॅटचं काम पुष्कळ झालं. नवखा माणूस 10 ओहमचा उचलतो, कारण लवकर तापतो. अंगावर ‘10W’ छापलेलं असतं ते मोकळ्या हवेतलं; लाकडाच्या पोटात कोंडल्यावर त्याला तेवढंही झेपत नाही. त्यात घरात पडलेला जुना, लोखंडासारखा जड अडॅप्टर काढला, की बात आणखी बिघडते. वर 12 लिहिलेलं असलं तरी हलक्या भाराला तो 15 व्होल्टही देतो, आणि 15 व्होल्टला त्याच 10 ओहममधून साडेबावीस वॅट निघतात. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. बीआयएस नोंदणीच्या खुणेचा, नव्या पद्धतीचा हलका अडॅप्टर घ्या.

माझा एक आंब्याचा ओंडका बरेच महिने रोज संध्याकाळी चालायचा. बाहेरून त्याला काही झालेलं नव्हतं, उलट रंग छान मुरला होता. एकदा वास थोडा करपट वाटला म्हणून मी तो करवतीने उभा चिरला. भोकाच्या कडेने तपकिरी पट्टा गेलेला, पण सगळीकडे सारखा नाही. जिथे नळी आणि लाकडात काडीभर फट राहिली होती तिथे लाकूड जवळजवळ कोरं होतं. जिथे नळी टेकली होती तिथे पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ, आणि नखाने खरवडली तर कोळशाची पूड हाताला लागली. एका टोकाला ती रेघ बोटभर आत गेलेली.

ताजं लाकूड साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे पेट घेतं, हे आपण धरून चालतो. पण रोज थोडं थोडं भाजलेलं लाकूड ताजं राहत नाही. ते कोरडं होतं, कोळसत जातं, आणि कोळसलेलं लाकूड त्याहून कमी तापमानालाही धुमसू शकतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात नीट चालली म्हणून वस्तू सुरक्षित, असा निष्कर्ष काढता येत नाही. तेव्हापासून मी भोक नळीपेक्षा सहा मिलिमीटर मोठं पाडतो आणि नळीला वर-खाली स्टीलच्या वॉशरने असं धरतो, की लाकडाला ती कुठेच टेकत नाही. मधली हवा खालून वर खेळली पाहिजे, म्हणून बुडाशी तीन बारीक भोकं. चिकटवायला काहीही वापरत नाही. फेविकॉल काय, साधं एपॉक्सी काय, साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. मग नळी हळूच कलते आणि नेमकी लाकडाला जाऊन टेकते.

धोक्याची दुसरी जागा म्हणजे डाख. आपण वापरतो ती कथील-शिशाची तार 183 अंशांच्या सुमारास वितळू लागते. वासाच्या ओंडक्यात एवढी धग नसावी, पण रेझिस्टरच्या पायाशी, जिथे हवा कोंडते, तिथे ती तेवढी चढते. डाख सुटला की वायर मोकळी होते आणि स्टीलच्या नळीवर पडते. त्यामुळे रेझिस्टरच्या पायाशी डाख नको, दाबून बसवायचा पितळी लग किंवा चिनी मातीचा कनेक्टर हवा. वायरही साधी पीव्हीसीची नको, कारण ती सत्तर अंशांसाठी असते. इस्त्रीत असते तशी उष्णता सोसणारी सिलिकॉनची वायर मागा. दुकानदार ‘यही चलेगा’ म्हणेल. त्याला तुमचा ओंडका माहीत नसतो.

तिसरी गोष्ट दहा-वीस रुपयांची आहे आणि तीच सगळे टाळतात: थर्मल फ्यूज. भात शिजवायच्या विजेच्या कुकरमध्ये असतो तो. ठरलेलं तापमान ओलांडलं की एकदाच उडतो आणि पुन्हा जुळत नाही, हाच त्याचा गुण. अंगावर अंश छापलेले असतात. माझ्या ओंडक्यात 133 चा, नळीला बाहेरून टेकवून, काचेच्या धाग्याच्या बाहीत. त्यालाही डाख देऊ नका. डाखाच्या धगीनेच तो उडतो आणि मग माणूस वैतागून त्याला वगळूनच वायर जोडतो. असे वगळलेले फ्यूज मी दुसऱ्यांच्या ओंडक्यांत पाहिले आहेत.

तापमान मोजताना एक फसगत होते. लेसरच्या ठिपक्याची तापमापक बंदूक चकचकीत स्टीलवर रोखली, तर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. नळीचा एक ठिपका उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाने रंगवा आणि तिथे रोखा, किंवा मल्टिमीटरबरोबर येणारी थर्मोकपलची तार टेकवून मोजा. ओंडका दोन तास चालवून मग आकडा बघायचा, पाच मिनिटांनी नाही. लाकूड सावकाश तापतं.

लाकूड कुठलं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. माझ्या लेखी तो शेवटचा. आंबा, बाभूळ, शिवण, काहीही चालतं, फक्त नीट वाळलेलं असावं. वखारीतला ओला तुकडा पावसाळ्यात कातला तर दिवाळीपर्यंत उभा तडकतो. सागवानाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, शिसवानेही. बिब्ब्याच्या आणि कण्हेरीच्या वाटेला जाऊच नये. आणि कुठलंही लाकूड असलं तरी मास्क हवा: लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 सालीच जाहीर केलं आहे. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

वाटीत कापूर टाकायचा मोह होतो. नको. त्याची वाफ पेटते, आणि लहान मुलाने चुकून वडी गिळली तर फिट येऊ शकतात. निलगिरीचं तेल ओतून त्यावर नाक धरणारेही भेटतात. सर्दी झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘याला एक नळी लावून द्या ना, वाफारा घेता येईल.’ मी देत नाही. 2019 साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसांना इजा होण्याची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात गेले किंवा मरण पावले आणि त्यातले मृत्यू 68. त्या वस्तू वेगळ्या होत्या, ओंडके नव्हते. मुख्य संशय ठरला तो त्यात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या तेलकट संयुगावर. पण तेल अंगाला चोळणं वेगळं आणि छातीत ओढणं वेगळं, एवढं त्यावरून कळायला हरकत नाही. सर्दीला साध्या गरम पाण्याचा वाफारा आहेच.

राहिलं पॉलिश. भोकाच्या आत काहीही लावायचं नाही. बाहेरून लाख नको, ती थोड्या उष्णतेने चिकट होते; लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती पातळ होऊन बसते, हे कातारी रोज बघतात. मी जवसाचं तेल लावतो आणि ओंडका आठ-दहा दिवस वाळू देतो. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना स्वतःच तापतं आणि गोळा केलेली चिंधी कुणी काडी न लावता पेटते. ती पाण्यात बुडवून, उलगडून, बाहेर दोरीवर एकेकटी वाळत घालायची.