वाघाची मावशी

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. ते उगीच नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आहे. २०१३ साली तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. त्या जंगलातला वाघ आणि आपल्या चुलीजवळ निजलेले मांजर एकाच कुळातले. दोघेही दबा धरून शिकार करतात. दोघेही नखे आत ओढून, पाऊल न वाजवता चालतात. वाघ रानात राहिला. मावशी घरात आली.

ती घरात कशी आली बरे? तिला कोणी दावे लावून आणले नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. पीक आले, ते साठवावे लागले. धान्य आले तिथे उंदीर आले. उंदरांच्या मागे तिकडच्या रानातले मांजर आले. माणसाला ते नकोसे वाटले नाही. ते राहिले.

सायप्रस नावाचे एक बेट आहे. तिथे माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले. ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. चहूकडे समुद्र. तेव्हा माणसानेच त्याला होडीतून नेले असणार. इतकी जुनी ही सोबत आहे!

ही सोबत धान्यापासून सुरू झाली, हे ध्यानात ठेवा. आपला जिल्हा धानाचा. मळणी झाली, ढोली भरली, की रात्री खुडबुड सुरू होते. उंदीर खातो थोडे आणि नासतो फार. त्याच्या मुताने रोगही पसरतात. अशा वेळी घरात मांजर असले तर उंदरांवर वचक राहतो. पण एकटे मांजर सगळे उंदीर संपवील असे नाही. ढोलीची भोकेही लिंपली पाहिजेत.

काही जण म्हणतात, "मांजराला खायला घालू नका. पोट भरलं तर ते उंदीर कशाला मारील?" ही समजूत चुकीची आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते. तो त्याचा स्वभावच आहे. उलट उपाशी मांजर अशक्त होते, चोरून खाते, आणि शेवटी घर सोडते.

नुसत्या दूधभातावर मांजर नीट जगत नाही. मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचत नाही, हगवण लागते. त्याला मांस-मासळी लागतेच. तलावाची मासळी घरी आली, तर डोके-शेपटी शिजवून, काटे काढून द्या. कधी उकडलेले अंडे द्या. पाणी रोज ताजे ठेवा.

आपले मांजर आखूड केसांचे. शहरात लांब केसांची मांजरे विकत घेतात. त्यांना रोज विंचरावे लागते. आपले मांजर जिभेनेच अंग स्वच्छ ठेवते.

मांजर दिवसा झोपते. त्याला आळशी म्हणू नका. रात्री आणि पहाटे त्याचे काम असते. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. जागा धोक्याची वाटली की ती पिल्ले हलवते. तेव्हा मुलांना पिल्लांपासून दूर ठेवा. मांजराने कान मागे पाडले, शेपूट आपटले, की समजा, ते रागावले आहे.

आता तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली. विष खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर तेही मरू शकते. मेलेले उंदीर लगेच पुरून टाका.

दुसरी. मांजर आजारी पडले तर माणसाची गोळी देऊ नका. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्या.

तिसरी सर्वांत मोठी. पिसाळलेला कुत्रा चावला तर मांजरही पिसाळते. म्हणून मांजर तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्या. पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा टोचा. मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हा रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर वाचतो.

मांजर आडवे गेले तर काम बिघडते काय? ते आपल्या शिकारीला निघालेले असते. आपण आपल्या कामाला जावे. आपला दाणा राखणाऱ्याला अपशकुनी म्हणणे बरे नव्हे.

सांगा पाहू :
१. मांजर माणसाजवळ का आले?
२. भरल्या पोटी मांजर शिकार करते का?
३. मांजर चावले तर आधी काय कराल?