आधी दाखला, मग लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे अपडेट बंद झाले आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींच्या टेबलांवरून धडधाकट संगणक खाली उतरायला लागले. विंडोज ११ला टीपीएम २.० लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो. म्हणजे कालपर्यंत पगारपत्रक काढणारे मशीन आज ‘नवं चढत नाही’ म्हणून भंगाराच्या गाडीत. असली मशीन उचलायची, साफ करायची, लिनक्स टाकून परत कामाला लावायची, हा माझा जुना नाद. पैसे घेत नाही, चहा घेतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, कधी चांदसैली घाट चढून धडगावपर्यंतही या नादापायी गेलो आहे. आता हेच काम करायला निघालेली कॉलेजची पोरे गावोगाव भेटतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द. यातले बरेचसे मी दुसऱ्यांनी घालून ठेवलेले घोळ निस्तरताना शिकलो.

या कामात लिनक्स चढवणे हा सगळ्यात सोपा भाग आहे. जुना कोअर टू ड्युओ असला, रॅम चार जीबी केली आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप झकास पळतो. फक्त मशीन ६४ बिटचे आहे का, एवढे आधी बघा. डेबियन १२पर्यंत ३२ बिटसाठी इन्स्टॉलर मिळत होता. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीने तो बंद केला. पेंटियम फोरचे जुने डबे कोणी कौतुकाने देऊ लागला, तर हात जोडून नको म्हणावे. हौस म्हणून घरी ठेवायचे असतील तर गोष्ट वेगळी. माझ्याकडेही एक आहे आणि बायको त्याला काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. कार्यालयातला संगणक कागद काढण्यासाठी असतो. दाखला, उतारा, पावती, पगारबिल, ज्येष्ठता यादी. संगणकाच्या आत काय आहे याच्याशी तिथल्या माणसाला देणेघेणे नसते. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मशीनवर लिनक्स टाकले गेले. टाकणारा पोरगा हुशार होता. कामही नीटनेटके केले होते, जुन्या फायली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्या होत्या. सुट्टी संपून कार्यालय उघडले, पहिला पालक दाखल्यासाठी आला आणि तिथेच घोडे अडले. मला बोलावणे आले तेव्हा तिथल्या भाऊसाहेबांनी एकाच वाक्यात सगळे सांगितले: “भाऊ, मशीन ते भारी शे, पन दाखला कसा निंघी?”

झाले होते असे. वीसेक वर्षांचे दाखले जुन्या मराठी फाँटांत टाइप केलेले होते. आयएसएम, श्रीलिपी, कृतिदेव ही सगळी युनिकोडच्या आधीची मंडळी. त्यांच्या फायलीत आत मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर डॉलर, कंस आणि स्पेलिंग नसलेले इंग्रजी. नव्या मशीनवर ते फाँट नव्हते, म्हणून पडद्यावर तेच उमटले. पोराने इंटरनेटवरचा एक कन्व्हर्टर शोधला आणि सगळा फोल्डर त्यातून काढला. खरी भानगड तिथून सुरू झाली.

जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. रफार अक्षराच्या आणि मात्रेच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. कन्व्हर्टरने ही उलटापालट केली नाही, तर ‘गावित’चे ‘गािवत’ होते. ही चूक बरी, कारण तिथे ठिपक्यांचे वर्तुळ दिसते आणि कोणाच्याही नजरेत भरते. घातक चूक ती, जी गुपचूप बसते. ‘अर्जुन’चे ‘अजुर्न’ होते. रफार ‘जु’वरून उठून ‘न’वर गेलेला असतो, घाईत वाचणाऱ्याला तो जागेवरच वाटतो. त्यात दाखल्यात मध्येच इंग्रजीत लिहिलेले काही असेल, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून ‘सुधारतो’.

एका रफाराने काय बिघडते, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. आमच्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. वळवी, पाडवी, वसावे, गावित, पावरा या मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला पुढे जातीच्या दाखल्याला लागतो, वैधतेला लागतो, शिष्यवृत्तीला लागतो, नोकरीला लागतो. बापाच्या दाखल्यावर एक नाव आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे असे झाले, की प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. त्यासाठी अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यावरचा माणूस मजुरी बुडवून खेपा घालतो. फुकटच्या सॉफ्टवेअरची एवढी किंमत त्याने का मोजावी?

म्हणून माझा रिवाज ठरलेला आहे. जुनी फाइल आहे तशीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही. संस्थेकडे त्या फाँटचा परवाना असेल, तर त्याची टीटीएफ फाइल नव्या मशीनवर टाकायची. लिबरऑफिसमध्ये जुना मजकूर बहुतेक वेळा जसाच्या तसा दिसतो आणि छापताही येतो. युनिकोडात नेलेली प्रत वेगळी ठेवायची. त्यातले प्रत्येक नाव कागदी जनरल रजिस्टरशी ताडून बघायचे, एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचे. कंटाळवाणे काम आहे, पण पर्याय नाही. रजिस्टर हाच मूळ पुरावा, संगणकातला दाखला त्याची नक्कल आहे. नवे काम मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडातच, ‘लोहित’ नाहीतर ‘मुक्त’ या फाँटात.

टाइप करणाऱ्याच्या बोटांचाही विचार करा. ज्यांनी मराठी ३० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा टाइपरायटरवर दिली, त्यांची बोटे मेंदूला न विचारता चालतात. त्यांच्यापुढे एकदम इन्स्क्रिप्ट ठेवले, की अर्ध्या तासाचे पत्र दुपारभर चालते आणि शिव्या लिनक्स खाते. आयबसमध्ये रेमिंग्टनसारख्या मांडण्या मिळतात, पण त्या बहुतेक हिंदीच्या धाटणीच्या. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ कुठे येतात ते त्या माणसाला बसवून तपासा, स्वतःच्या बोटांनी नको.

दुसरे घोडे अडते प्रिंटरपाशी. तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात आणि झेरॉक्सच्या दुकानात जो लहानसा लेझर प्रिंटर दिसतो, त्या जातीच्या प्रिंटरांना स्वतःची अक्कल कमी असते. पानाचे चित्र संगणकाने तयार करून द्यायचे, प्रिंटर ते फक्त उमटवतो. त्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर कागद कोरा. काहींना प्रत्येक वेळी चालू केल्यावर फर्मवेअर भरवावे लागते, काहींचा लिनक्स ड्रायव्हर ३२ बिटच्या जुन्या लायब्ररी मागतो. यातले बरेच जमते, पण घरी जमलेले कार्यालयात जमेलच असे नाही. धडगावला पोचल्यावर ड्रायव्हर डाउनलोड करू म्हणणाऱ्याने मुक्कामाची तयारी ठेवावी. लागणारी पॅकेजे, प्लग-इन, डेबियनची पूर्ण डीव्हीडी इमेज, सगळे पेनड्राइव्हवर घेऊनच घाट चढायचा. याउलट पतसंस्थांत पासबुक आणि पावत्या छापणारा करकरणारा डॉट मॅट्रिक्स असतो ना, त्याला लोक हसतात. तो एप्सनची जुनी आज्ञाभाषा बोलतो आणि लिनक्सला ती पाठ आहे. केबल लावा, यादीतून नऊ पिनचा ड्रायव्हर निवडा, काम सुरू.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. तेव्हापासून अंगठा हा आमच्या भागातल्या कारभाराचा भाग झाला. अंगठ्याच्या यंत्राला जी आरडी सर्व्हिस लागते, ती माझ्या पाहण्यातल्या यंत्रांना विंडोज आणि अँड्रॉइडवरच मिळाली. डिजिटल सहीच्या टोकनचे तसेच: ड्रायव्हर लिनक्सचा असला तरी समोरचे पोर्टल अडवते. तेव्हा एक मशीन विंडोजवर राहू द्या. त्यावर अंगठा, सही आणि टॅली, बाकी काही नको, पेनड्राइव्ह तर अजिबात नको. काही कट्टर मित्रांना हे पटत नाही. त्यांना मी म्युनिकचे उदाहरण देतो. त्या शहराने २००३ साली पालिकेचे हजारो संगणक लिनक्सवर न्यायचे ठरवले, नेलेही, आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्यात राजकारण होते हे खरे, पण बाहेरून येणाऱ्या फायली आणि विंडोजशिवाय न चालणारी कामे यांची कुरकुरही वर्षानुवर्षे होती. केरळच्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर टिकले, कारण तिथे २००१पासून आयटी अ‍ॅट स्कूल या प्रकल्पाने आधी शिक्षक तयार केले.

लिनक्सची बाजू पडती आहे असे समजू नका. पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात, हा रोग आमच्याकडे सर्दीपडशासारखा पसरलेला. त्यात फायली जात नाहीत, फक्त लपवल्या जातात, आणि लिनक्सवर त्या उघड दिसतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका अशा परत मिळाल्या, की मुख्याध्यापक स्वतःच विचारतात, “हे आमच्याकडे पण टाकता येईल का, दादा?”

नेटवर्कच्या बाबतीत एका सवयीपासून सावध करतो. जुन्या एक्सपीच्या मशीनवर सामायिक फोल्डर असतो. नव्या लिनक्सवरून तो दिसत नाही, कारण सांबाने २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ हा जुना करार मुळातच बंद ठेवला आहे. सेटिंगमध्ये एक ओळ घातली की फोल्डर दिसायला लागतो, आणि ती ओळ मग कायमची राहते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय ज्या दारातून जगभर शिरला, ते याच एसएमबी १चे दार. ओळ घाला, फायली ओढून घ्या, ओळ काढा. फोल्डर लिनक्सच्या मशीनवर ठेवा आणि एक्सपीला नेटवर्कमधून सोडवा.

तारेचे म्हणाल तर दोन इमारतींच्या मधून, उघड्यावरून, लॅनची केबल कधीही ओढू नका. जूनच्या पहिल्या विजांत स्विचचे पोर्ट जळतात, कधी मदरबोर्डही जातो. दोन इमारती जोडायच्या तर फायबर टाका, नाहीतर वायफाय. केबल विकत घेताना टोक खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, दुकानदार काहीही म्हणो.

नंदुरबारकरांसाठी एक खास सूचना. मिरचीच्या हंगामात पथाऱ्यांजवळच्या कार्यालयातला कॅबिनेट उघडण्याआधी तोंडाला रुमाल बांधा. पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत जी लालसर धूळ बसलेली असते, ती ब्लोअरने उडवली की सगळे कार्यालय अंगणात जाऊन शिंकते. मशीन बाहेर नेऊन ब्रशने झाडा. मग ‘हँग होतंय’ म्हणून दिलेली निम्मी मशीन लिनक्सवाचूनच बरी होतात.

पुसापुशी करू नका. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्यात काही शहाणपणा नाही. एसएसडी नवी बसवायचीच आहे, तर जुनी डिस्क काढा, तिच्यावर मशीनचा नंबर आणि तारीख लिहून चिकटवा आणि कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवून द्या. त्या शिक्षणसंस्थेत एवढे केले असते, तर त्या पालकाला जुनी डिस्क तासाभरात परत जोडून दाखला देता आला असता. रूटचा पासवर्ड पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या, आवक-जावक रजिस्टरला नोंद करून. तुमच्या डोक्यात ठेवू नका. तुम्ही उद्या नोकरीला सुरतेला गेलात की कार्यालयाने कोणाकडे बघायचे?

फोन येत राहतील, ते गृहीत धरा. सगळ्यात जास्त येणारी तक्रार ‘नेट गेलं’ ही असते. आधी विचारा, कोपऱ्यात तारीख काय दिसते. २००९ दिसत असेल तर नेट शाबूत आहे, मदरबोर्डवरची सीआर २०३२ बटण बॅटरी संपलेली आहे. घड्याळ मागे गेले की वेबसाइटांची सुरक्षा प्रमाणपत्रे ब्राउझरला अजून सुरूच न झालेली वाटतात आणि तो एकही पान उघडत नाही. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलताना बायोसमधली सेटिंग मूळपदावर जातात, कधी डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर सरकते. लिनक्स बहुतेक वेळा तसेच सुरू होते. त्या एका विंडोजच्या मशीनवर मात्र निळा पडदा येऊ शकतो. म्हणून चालू स्थितीत असतानाच बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि त्यांचा एक प्रिंट पासवर्डच्या पाकिटातच घाला.