फट नसलेला टॅपेट

मुंबईत प्रीमियर पद्मिनीवर तयार झालेल्या हातांना टॅपेट म्हटलं की फीलर गेज आठवतो. पाती घाला, स्क्रू फिरवा, पाती किंचित अडखळत सरकू लागली की चेकनट आवळा. हायड्रॉलिक लिफ्टरच्या, म्हणजे ऑइलवर चालणाऱ्या टॅपेटच्या, इंजिनात ही सवय गोत्यात आणते. तिथे फट ठेवायचीच नसते, उलट थोडा दाब द्यायचा असतो. तो किती आणि नेमका कधी द्यायचा, यावर सगळं काम उभं आहे.

मी ओहायोत राहतो. इथे एका मित्राच्या मुलाने 1978 सालची शेव्हरोले पिकअप घेतली. इंजिन 350 घन इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8. जुना कॅमशाफ्ट झिजला होता, म्हणून त्याने नवा कॅम आणि सोळा नवे लिफ्टर घरीच बसवले. मला फोन आला तेव्हा स्टार्टर फिरत होता, पण इंजिन धरत नव्हतं आणि कार्ब्युरेटरमधून फटाके वाजत होते. "काका, टायमिंग परत परत बघितलं," तो म्हणाला. मी कॉम्प्रेशन गेज लावला तर काही सिलिंडरांत काटा जेमतेम हलला. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हते.

"रॉकरचे नट कसे आवळलेस?"

"पुशरॉड बोटांत फिरवत. फिरायचा थांबला की वर आणखी एक फेरा."

गोम इथेच होती. लिफ्टरच्या पोटात एक छोटा दट्ट्या असतो, त्याखाली हलकी स्प्रिंग आणि गोळीचा एकदिशा व्हॉल्व्ह. बाजूच्या भोकातून इंजिनाचं ऑइल आत येतं आणि दट्ट्या वर सरकून सगळी ढील खाऊन टाकतो. कॅमचा उंचवटा खालून रेटू लागला की गोळी वाट बंद करते, आणि कोंडलेलं ऑइल दबत नसल्याने लिफ्टर भरीव लोखंडासारखा वागतो. गरम झाल्यावर धातू वाढला तरी तो आपापलं सांभाळून घेतो. 1930 च्या कॅडिलॅक व्ही-16 मध्ये ही युक्ती आली ती टॅपेटची टकटक ऐकू येऊ नये म्हणून.

आता दट्ट्याखालची स्प्रिंग एवढी मऊ की पुशरॉड तेलकट असेल तर दट्ट्या बराच खाली गेला तरी बोटांत तो गरगर फिरतच राहतो. फिरणं थांबेपर्यंत आवळत गेलात तर शून्य, म्हणजे फट नुकतीच संपते तो बिंदू, कधीच मागे पडलेलं असतं. म्हणून पुशरॉड फिरवू नका. चिमटीत धरून वर-खाली हलवा. ज्या क्षणी उभी हालचाल संपते, तेच शून्य. तिथून पुढे अर्धा ते एक फेरा. मी पाऊण फेऱ्यावर थांबतो. या इंजिनाच्या रॉकर स्टडला इंचाला चोवीस आटे आहेत आणि रॉकरचं प्रमाण दीडपट, त्यामुळे नटाच्या एका फेऱ्याला पुशरॉडच्या बाजूला साधारण पावणेदोन मिलिमीटर सरकतात. दट्ट्याचा एकूण प्रवासच काही मिलिमीटरांचा. फेऱ्याचा हिशेब अंदाजाने करण्यातला धोका यावरून कळेल.

शून्य शोधायचं ते लिफ्टर कॅमच्या गोल पाठीवर असताना, उंचवट्यावर असताना नव्हे. पोराने हेही पाहिलं नव्हतं. क्रँक जिथे थांबला तिथे नट आवळत गेला. जुनी शेव्हरोलेची पद्धत सोपी आहे. एक नंबरचा सिलिंडर फायरिंगच्या वरच्या टोकाला आणा. तिथे 1, 3, 4, 8 चे एक्झॉस्ट आणि 1, 2, 5, 7 चे इनटेक करा. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा, आता सहा नंबर फायरिंगला येतो. उरलेले 2, 5, 6, 7 चे एक्झॉस्ट आणि 3, 4, 6, 8 चे इनटेक करा. खडू घ्या आणि झालेल्या रॉकरवर रेघ ओढा. बाराव्या नटापाशी सगळे रॉकर सारखेच दिसू लागतात.

लिफ्टर ऑइलने भरलेले असतील तर नट आवळल्यावर दट्ट्या लगेच खाली जात नाही, व्हॉल्व्हच उघडतो. अशा वेळी काही मिनिटं थांबा, ऑइल झिरपू द्या, मगच क्रँक हलवा, तोही पान्याने, हळूहळू. घाईत स्टार्टर मारला तर पुशरॉड वाकतो आणि पिस्टनला व्हॉल्व्ह भिडण्याची भीती असते. कारखान्याचे नट घट्ट आट्यांचे असतात. पुन्हा पुन्हा वापरून नट हाताने सरसर फिरू लागला तर तो टाकून नवा घ्या.

आम्ही सगळे नट सैल करून पुन्हा बसवले. मग कॉम्प्रेशन आलं. पण इंजिन चालू करायला मी त्याला लगेच हात लावू दिला नाही. कॅम आणि लिफ्टर दोन्ही नवे आणि सपाट तळाचे असतील तर पहिल्या अर्ध्या तासात त्यांचं आयुष्य ठरतं. सपाट म्हणायचं, पण तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमचा उंचवटा (लोब) किंचित उतरता, म्हणजे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो. फिरला नाही तर लोब खरवडला जातो. म्हणून लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी आणि जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल घालावं. अलीकडच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपायी ते कमी केलेलं असतं. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवावा, मधूनमधून क्रँक सरकवावा, आणि प्रत्येक रॉकरवर ऑइल येईपर्यंत थांबू नये. त्यासाठी बाहीवाली प्रायमिंग सळई घ्या. डिस्ट्रिब्युटरचं अंग ऑइलच्या वाटेचाच भाग असल्याने नुसत्या सळईने ऑइल भलतीकडे गळतं.

कार्ब्युरेटरचं भांडं भरलेलं, टायमिंग बसवलेलं, रेडिएटरमध्ये पाणी. किल्ली फिरवली की पेट घेतला पाहिजे, आणि मग आयडल न करता सुमारे दोन हजार आरपीएमवर, थोडं खाली-वर करत, वीस-तीस मिनिटं. कॅमवर ऑइल उडतं ते क्रँकच्या वेगाने. आयडलला तो फवारा पुरत नाही. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा, बाहेर बर्फ पडत असलं तरी. धुराने माणूस मरतो, थंडीने फक्त कुडकुडतो.

जुने लिफ्टर परत बसवायचे असतील तर ज्याचा तो त्याच लोबवर गेला पाहिजे. मी अंड्यांच्या पुठ्ठ्यात नंबर घालून ठेवतो. नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीच नाही. आणि एका लिफ्टरचा दट्ट्या दुसऱ्याच्या अंगात घालू नका, ते जोडीने जुळवलेले असतात.

सुरू केल्यावर काही सेकंद टकटक झाली तर चालतं. ती तशीच राहिली की लोकांचा हात पुन्हा नटाकडे जातो. तिथे आधी ऑइलचा दाब बघा, मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्याला कान द्या. तिथून गळणारा धूर हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो, आणि नट कितीही आवळला तरी तो आवाज जात नाही.