अंत्येष्टीचे सेवेकरी

नेवासे तालुक्यात प्रवरामाई गोदावरीस मिळते, ते स्थान प्रवरासंगम. येथे दर्शनास येणाऱ्या भाविकांस घाटावर दशक्रियेचे विधी चाललेले दिसतात. मुंडन केलेले पुत्र, पिंडाजवळ काकस्पर्शाची वाट पाहणारे आप्त, असे ते दृश्य असते. पुष्कळजण नजर वळवून पुढे जातात. परंतु अंत्येष्टी हा सोळा संस्कारांतील अखेरचा संस्कार होय, आणि तो पार पाडणाऱ्यांची ओळख भाविकांस असावी.

पाश्चात्त्य देशांत ही सारी व्यवस्था एखादी व्यावसायिक संस्था पाहते. आपल्या गावगाड्यात ती अनेक हातांत वाटलेली होती. बुरूड कळक देई, कुंभार मडके देई, नाभिक क्षौर करी, किरवंत मंत्र म्हणे. निधनाचा सांगावा परगावी नेणे व सरणाची लाकडे वाहणे हे काम महार समाजावर लादलेले होते. संस्कार पवित्र, पण त्याची सेवा करणारा अशुभ, असा हा उफराटा न्याय! किरवंत ब्राह्मण असूनही इतर ब्राह्मण त्यांच्याशी सोयरीक टाळीत. प्रेमानंद गज्वी यांनी 'किरवंत' या नाटकात हीच व्यथा मांडली आहे.

पुराणात मात्र सत्त्वशील राजा हरिश्चंद्र काशीत डोंबाघरी राहून स्मशान राखतो. पुत्र रोहिदासाच्या दहनासाठीही पत्नीकडे कर मागतो. त्याच काशीतील मणिकर्णिका घाटाचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी केला. चौंडीच्या या कन्येचे नाव आज आपल्या जिल्ह्यास लाभले आहे. देवालयांच्या जीर्णोद्धाराइतकेच अगत्य त्यांनी स्मशानघाटाविषयी दाखविले.

करोनाच्या काळात या सेवेचे मोल साऱ्यांस कळले. एप्रिल २०२१ मध्ये नगर शहरातील नालेगावच्या अमरधामात एकाच दिवशी चाळीसहून अधिक देहांवर अंत्यसंस्कार झाले. विद्युतदाहिनी अपुरी पडली, तेव्हा सरणे रचावी लागली. कित्येक पुत्रांस पित्याच्या देहाजवळ जाता आले नाही. अग्नी दिला तो परक्या हातांनी. त्या हातांची जात त्या दिवशी कोणी विचारली नाही.

भाविकांनी घाटावर गेल्यावर नाभिकास व क्रिया चालविणाऱ्या गुरुजींस आदराने नमस्कार करावा, दक्षिणेवरून घासाघीस करू नये. सरण रचणाऱ्या माणसास निघताना चहापाणी विचारावे; शोकाच्या घाईत तेवढेच राहून जाते.